नाचणाऱ्यांची सुईण

त्या वर्षी मार्गशीर्षात घाटकोपरच्या टेकडीवर अशी थंडी पडली की खोबरेल बाटलीतल्या बाटलीत थिजलं. शेवंतीने सकाळी बाटली उपडी केली, तळहातावर आपटली, खराट्याची काडी घालून ढवळून बघितली, पण तेल काही हलेना. मग स्टोव्ह पेटवून तिने पातेल्यात पाणी ठेवलं आणि बाटली त्यात उभी केली. पाणी तापेपर्यंत कालचं उरलेलं तेल काढलं, त्यात लसूण आणि ओवा टाकून कढवायला घेतलं. लसणाचा वास खोलीभर झाला तसा खाटेवरून, गोधडीतूनच, दशरथ म्हणाला, "भजी काय गे आज?"

"व्हय, बाळंतणीची," शेवंती म्हणाली. "उठ आता, नळाचा पाणी जायत."

दशरथ तिचा नवरा, गिरणीत साचेखात्यात, मागावर. त्याची दुसरी पाळी असली की सकाळभर तो खाटेवर लोळत असे आणि शेवंती त्याच्या पायांवरून ये-जा करत कामं उरकत असे. खोली दहा बाय बाराची. भटवाडीच्या चढावर अशा खोल्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यांत राहणारी निम्मी माणसं कणकवली-मालवणकडची. गावाकडे शेवंतीची आजी सुईण होती. आजीचा हात आईकडे आला नाही, तो एक पिढी टाकून शेवंतीत उतरला, असं गावात बोलत. लग्न होऊन मुंबईत आल्यावर पहिली काही वर्षं तिने चाळीतली बरीच बाळंतपणं केली. पुढे म्युन्सिपाल्टीचं प्रसूतिगृह झालं, बाया तिकडे जाऊ लागल्या. पोर काढायचं काम दवाखान्याने नेलं, चोळायचं तेवढं शेवंतीकडे राहिलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. आयाबाया चार दिवसांनी घरी येतातच, आणि घरी आलेल्या बाईला नर्स काही शेक देत नाही.

त्या सकाळी तिला पुतळाबाईकडे जायचं होतं. पुतळाबाईची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. शेवंतीने लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, मोरीत पाय लांब पसरून बसली आणि नडगीवर पोर पालथं घातलं. पोर कोकलत होतं, पुतळाबाई दारात उभी राहून "सांभाळून गे, सांभाळून" म्हणत होती, आणि शेवंती दोघांकडेही लक्ष न देता पोराच्या पाठीवरून अंगठे फिरवत होती. मग बाळंतिणीला तेल, पोटाला घट्ट पट्टा, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. एवढं होईस्तोवर उन्हं वर आली. चहा झाल्यावर पुतळाबाईने सवयीने विचारलं, "आज तुझे नाचे आसत काय?"

"आसत तर. संक्रांतीक कार्यक्रम हा त्यांचो. एकाचो पाय धड नाय."

हे नाच्यांचं प्रकरण तीनेक वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. चाळीच्या टोकाच्या खोलीत अंजनाबाई राहायची, तिची सून राधा. राधा मुंबईतच वाढलेली, मरोळला एका औषधाच्या गोळ्या डब्यांत भरण्याच्या कंपनीत कामाला. माहेरी असल्यापासून ती कथक शिकत होती आणि लग्नानंतरही ते सोडायला तयार नव्हती. एकदा तिचा घोटा मुरगळला. अंजनाबाई शेवंतीला घेऊन गेली. शेवंतीने आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून गरम लेप घातला, पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी राधा पाय टेकायला लागली आणि म्हणाली, "मावशी, माझ्यासारखे तिकडं आणखी आहेत. येशील काय?"

तिकडं म्हणजे विठ्ठलाच्या देवळामागच्या हॉलात. हॉल कसला, लग्नामुंजीला द्यायची पत्र्याची लांब पडवी, खाली शहाबादी फरशी. तिथे संध्याकाळी चंद्रप्रकाश मास्तर आपल्या मंडळींना नाच शिकवायचा. मास्तरचे वडील झाशीकडून रेल्वेत आले होते, त्यामुळे त्याचं मराठी अर्धं हिंदीतून चालायचं. दिवसा तो एका कंपनीत कारकून. मंडळीत कुणी टायपिस्ट, कुणी बालवाडीची बाई, कुणी लेथवरचा पोरगा. दिवसभर पोटाचं बघायचं आणि संध्याकाळी इथे यायचं. मंडळाची इस्टेट म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, दोन पडदे आणि तबल्याची जोडी. देवळाच्या ट्रस्टींनी हॉल दिला होता तो मास्तर एकादशीला मुलींकडून अभंगावर नाच करून घ्यायचा म्हणून. दुसरी जागा कुठे मिळत नव्हती. शाळावाले म्हणत, बाकं हलवायची नाहीत. महिला मंडळवाल्या म्हणत, पुरुष नकोत.

शेवंती पहिल्यांदा गेली तेव्हा दारातच उभी राहिली. दहा-बारा जणं त्या फरशीवर धाडधाड पाय आपटत होती.

"ह्ये काय करतंत गे?" तिने राधाला विचारलं. "खळा चोपूचा झाला तरी आमी चोपणा घेतो. ह्ये पायानच चोपतंत?"

राधा हसली, मास्तरला सांगितलं, तोही हसला. पण शेवंतीने एकेकाचे पाय हातात घेतले तेव्हा तिला हसू आलं नाही. नडग्या सुजलेल्या, टाचांना भेगा, घुंगरांच्या दोरीने घोट्याची कातडी सोललेली. बाळंतिणीचं अंग तिला कळत होतं, ते एकदाच फाटतं आणि मग भरून येतं. ही माणसं रोज स्वतःला फाडत होती आणि भरून यायला वेळ देत नव्हती.

तेव्हापासून ती आठवड्यातून तीनदा जायला लागली. तव्यावर वाळू भाजून फडक्यात बांधायची, नडग्या शेकायची. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या फाडून घुंगरांखाली गुंडाळायची रीत तिनेच लावली. कार्यक्रम असला की ट्रंकेबरोबर तीही जायची. एकदा चेंबूरच्या एका हॉलात तिने स्टेजच्या बाजूला शेगडी पेटवली तर मॅनेजर धावत आला, म्हणाला पडदा पेटेल. शेवंतीने शेगडी उचलून बाहेर जिन्यात नेली आणि पोरं नाचून एकेक करून जिन्यात येऊन बसायला लागली. मिळणाऱ्या पैशांत तिचाही वाटा असायचा. कधी काहीच मिळालं नाही तर नारळ आणि खण. मास्तर म्हणायचा, "मौसी हमारा हॉस्पिटल है, यार. बाकी मंडळांकडे एवढं पण नाही."

दशरथ म्हणायचा, "गिरणीत आमचे पाय बारा तास साच्यापाशी उभे ऱ्हवतत, तेंका कोण शेक देता?" आणि शेवंती त्याच्याही पायांना तेल लावायची, त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून.

राधाच्या नाचाला अंजनाबाईने परवानगी दिली होती ती एका अटीवर. दिवस जाईपर्यंत नाच, मग बंद. ही अट लग्न ठरताना, बैठकीत, चार माणसांसमोर झाली होती. राधाचा नवरा जयवंत फिटर होता, मऊ स्वभावाचा, आईपुढे आणि बायकोपुढे दोन्हीकडे मान हलवणारा. तीन वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. अंजनाबाई त्याबद्दल सुनेला टाकून बोलायची नाही, ते तिचं मोठेपण. पण नळावर शेवंतीजवळ मात्र बोलायची. त्या थंडीत एका सकाळी हंडा भरता भरता ती शेवंतीच्या कानाशी वाकली.

"दोन म्हयने झाले. कावळो शिवाक नाय."

शेवंतीने तिच्याकडे बघितलं. अंजनाबाईच्या घरात रीत कडक होती. सून बाहेरची झाली की दाराजवळच्या गोणपाटावर बसायची, तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. दोन महिने गोणपाट अंथरलं गेलं नव्हतं, हे अंजनाबाईइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्यानंतर शेवंती राधाकडे सुईणीच्या नजरेने बघायला लागली. आणि नजर एकदा तशी झाली की सगळं तसंच दिसतं. राधाचे घोटे सुजले होते, ते कुणाचे सुजले नव्हते? पण शेवंतीला ती सूज निराळी वाटली. एकदा तालमीत राधा बाहेर जाऊन ओकली. कंपनीतून थेट आलेली, पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं; शेवंतीने ते विचारलंच नाही. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं, कपाळावर घाम. शेवंतीने तेल लावताना पायाची नाडी चाचपली आणि मनाशी म्हणाली, झालं तर.

तिच्या आजीची एक रीत होती. पोटातलं कळलं तर ते पोटुशीला सांगायचं नाही. पोरीने ऐकलं की ती घाबरते, नाहीतर मिरवते, आणि दोन्हीने दृष्ट लागते. सांगायचं ते घरातल्या थोरल्या बाईला, हातावर गुळाचा खडा ठेवून. शेवंतीने ही रीत कधी मोडली नव्हती. त्या शुक्रवारी ती अंजनाबाईच्या दारात गेली आणि काही न बोलता तिच्या हातावर गूळ ठेवला.

अंजनाबाईने गूळ डोळ्यांना लावला. मग रडली. मग देवापुढे गूळ ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत चाळीच्या दोन्ही मजल्यांवर पेढे वाटून झाले.

राधाला कळलं ते कंपनीतून घरी आल्यावर. जयवंत आधीच देवळाच्या हॉलात जाऊन मास्तरला सांगून आला होता की राधा उद्यापासून यायची नाही. मास्तरने त्याचा हात हातात घेतला, अभिनंदन केलं आणि मग पायरीवर बसून राहिला. संक्रांतीच्या कार्यक्रमाचा उत्तरार्ध सगळा राधाचा होता. ती एकटी नाचणार होती. मंडळाच्या इतक्या वर्षांत मास्तरने कुणाला एकटीला उभं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दशरथ पाळीला गेला होता. शेवंती आंबेहळद उगाळत होती तेवढ्यात राधा आत आली आणि दार लावून घेतलं.

"कोणी सांगितलं तुला?" ती म्हणाली.

"बस आधी. अशा दिसांत धावाचा नाय."

"कसले दिवस? मावशी, मला काही नाही झालेलं."

"दोन म्हयने तू गोणपाटार बसलंस नाय. सासू तुजी सांगता."

राधा खाटेच्या कडेवर टेकली. मग खाली बघून म्हणाली, "झाले मी बाहेरची. दोन्ही वेळेला. सांगितलं नाही."

शेवंतीचा हात सहाणेवर थांबला. राधाने मग सगळं सांगून टाकलं. बाहेरची झालं की अंजनाबाई देवळाच्या वाटेला जाऊ देत नाही, आणि तालीम देवळाच्या हॉलात. दर महिन्याला ते चार दिवस बुडाले की अंग आखडतं, बसवलेलं विसरायला होतं. कार्यक्रम तोंडावर आलेला. म्हणून तिने लपवलं. कपडे मरोळला कंपनीच्या मोरीत धुवायची आणि तिथेच पत्र्यावर वाळवायची. घरी सगळीकडे शिवाशिव केली, देवाला फुलं वाहिली, हॉलात गेली, मास्तर घुंगरांना हळदकुंकू वाहायचा तेव्हा रांगेत उभी राहिली.

"विठ्ठलाच्या दारात गेलंस?" शेवंती म्हणाली. "तशी?"

"मागच्या बाजूला. हॉलात."

"हॉल काय विठ्ठलाच्या सासऱ्याचो? मेले, तुका लाज नाय वाटली? सासू तुज्या हातचा पाणी देवाक घालता."

राधा रडली नाही. शेवंतीला बोलून घेऊ दिलं. शेवंतीला खरंच राग आला होता. विटाळ म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणी हाताळलं नव्हतं. सुईणीचा जन्मच त्यात जातो. पण हाताळायचं, आंघोळ करायची आणि मग देवाजवळ जायचं, हा क्रम होता. क्रम मोडायचा म्हणजे काय?

राग ओसरल्यावर ती म्हणाली, "जा आणि सासूक सांग."

"सांगितलं तर काय होईल?" राधा म्हणाली. "मला घरात काय होईल ते होऊ दे. पण ती गप्प बसेल काय? ट्रस्टींना कळलं की मंडळाला हॉलातून काढतील. मग सगळ्यांचंच गेलं. आणि नाही सांगितलं तर बघ. आजच माझी कंबर धरलीय. उद्या-परवा मी होणार. ते दिसलं की ती काय म्हणेल?"

ते शेवंतीला सांगावं लागलं नाही. अंजनाबाई म्हणेल, पडलं. नाचून नाचून पाडलं. मग या संक्रांतीलाच काय, जन्मभर राधाच्या पायात घुंगरू बांधू देणार नाही, आणि चाळीतली दुसरी कुठलीही सून, कुठलीही लेक त्या हॉलाकडे फिरकणार नाही. पोर पाडणारा नाच, असं नाव पडलं की ते पुसून निघत नाही. डॉक्टरकडे न्यावं तर अंजनाबाई डॉक्टरपेक्षा शेवंतीच्या हातावर विश्वास ठेवणार. तोच तर घोळ होता.

"आता काय करूचा ता मीच करूक होया," शेवंती म्हणाली. "म्हंजे माजो हात गेलो, असा माज्या तोंडान सांगूचा."

 राधाला मागायला तोंड नव्हतं आणि मागायलाच ती आली होती.

दुपारभर शेवंतीने काही केलं नाही. पोळीसाठी कणीक मळली आणि तशीच झाकून ठेवली. सुईणीकडे दुसरं काय असतं? हातात वजनकाटा नाही, भिंतीवर सर्टिफिकेट नाही. लोक पोर हातात देतात ते हिचा हात चुकत नाही म्हणून. एकदा चुकला म्हटलं की पुतळाबाईपासून सगळ्या जणी मागे हटणार. आणि खरं सांगायचं तर हात चुकलाच होता. राधाने लपवलं हे एक, पण शेवंतीने पोटाला हात न लावता, एक शब्द न विचारता, अंजनाबाईच्या बोलण्यावर गूळ ठेवला होता. आजीने तसं कधी केलं नसतं. तिला पाळणा हलायला हवा होता, अंजनाबाईपेक्षाही जास्त. तिच्या हाताने राधाचं पोर न्हाऊ घालायचं तिने मनात ठरवून टाकलं होतं.

दिवेलागणीच्या आधी ती उठली, तोंड धुतलं, पदर नीट घेतला आणि अंजनाबाईकडे गेली.

अंजनाबाई तांदूळ पाखडत होती. राधा मोरीशी भांडी घासत होती, पाठमोरी. जयवंत घरात नव्हता.

"अंजने, माजो हात चुकलो," शेवंती उंबऱ्यातच म्हणाली. "राधाक दिवस गेलेले नाय."

सूप थांबलं. "काय म्हणतंस?"

"नाय म्हणतंय."

"मगे दोन म्हयने खंय गेले?"

"तुज्या सुनेचा, त्या चेडवाचा, अंग सुकला. सकाळपासून उपाशी, आनी सांजचा नाचता. सुकलेल्या अंगाक मागेफुडे होता. आज-उद्या येयत ता, बघशीत तू."

अंजनाबाईचा चेहरा बदलला. "म्हंजे पडला. असा सांग ना."

"जा नव्हताच, ता पडतला खंयसून?"

भांड्यांचा आवाज थांबला होता. अंजनाबाईने एकदा सुनेच्या पाठीकडे बघितलं, बराच वेळ. ती काही दुधखुळी नव्हती. मग शेवंतीकडे वळून म्हणाली, "शपथ घे. गावच्या रवळनाथाची. तिच्या पोटात पोर नाय नि नव्हता, म्हणान."

शेवंतीने उंबऱ्याबाहेर चप्पल काढली आणि हात जोडले. एवढीच शपथ मागितली होती आणि एवढं खरं होतं. "रवळनाथाक साक्ष ठेवन सांगतंय. तिच्या पोटात पोर नाय नि नव्हता."

"पेढे वाटले मी चाळीत," अंजनाबाई म्हणाली.  "झील माजो, जयवंत, पाळण्याक लाकूड बघून इलो."

"माज्या नावान सांग. शेवंतीचो हात गेलो म्हणान सांग."

"सांगतलंय," अंजनाबाई म्हणाली. "सांगूकच होया."

आणि तिने सांगितलं. दोन दिवसांत चाळ जाणून गेली. पुतळाबाई तिसऱ्या दिवशी सकाळी दारात आली ती हातात शेवंतीचं तेलाचं भांडं घेऊन. लेकीला थंडी बाधली, आता थोडे दिवस तेल नको, असं काहीबाही म्हणाली. शेवंतीने भांडं घेतलं. पुतळाबाईच्या घरातून पोराच्या न्हाण्याचं रडणं रोजच्या वेळेला ऐकू येतच होतं; दुसरी बाई आली होती एवढंच.

राधा त्याच आठवड्यात बाहेरची झाली आणि गोणपाटावर बसली, सगळ्यांना दिसेल अशी. ही शेवंतीची अट होती. पण त्या बदल्यात राधानेही एक विचारलं: कार्यक्रम आठवड्यावर आला, तालमीचं काय करायचं?

यावर शेवंतीने जे केलं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने अंजनाबाईला निरोप धाडला की राधाचे पाय सुजलेत, संध्याकाळी शेकायला पाठव. सुईणीला विटाळ कसला, मी मागाहून डोक्यावरून न्हाते. अंजनाबाई अजून बोलत नव्हती, पण पाय सुजले होते हे तिला दिसत होतं. तिने पाठवलं. शेवंतीने भिंतीवरचा विठ्ठलाचा फोटो काढून पदराने पुसला, शेजारच्या सोनूबाईकडे नेऊन दिला, म्हणाली, "चार दीस तुज्याकडे ऱ्हवांदे." मग खाट उभी केली, चटया गुंडाळल्या. मास्तर दारात स्टूल टाकून बसला आणि मांडीवर ठेका धरला. तिथे, दहा बाय बाराच्या खोलीत, राधाने आपला सगळा उत्तरार्ध नाचून घेतला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला झाडू ठोकला. शेवंतीने वाकून जिन्यातून ओरडून सांगितलं की पाट्याला टाकी लावून घेतेय.

मास्तरने काहीच विचारलं नाही. त्याच्या घरीही बायका होत्याच. चौथ्या दिवशी जाताना तो एवढंच म्हणाला, "मौसी, बाकीच्या पोरी पण महिन्याला चार-चार दिवस गायब असतात. मला वाटायचं, कंटाळा करतात."

"तेंकाय धाड मगे माज्याकडे," शेवंती म्हणाली.

मुलुंडच्या हॉलात संक्रांतीनंतरच्या रविवारी कार्यक्रम झाला. शेवंतीने राधाचा नाच बघितला नाही. ती जिन्यात वाळू भाजत होती. टाळ्या झाल्या त्या ऐकल्या. अंजनाबाई आली नव्हती, जयवंत आला होता. राधा जिन्यात येऊन बसली, पाय पुढे केले आणि शेवंतीने पुरचुंडी नडगीवर दाबली.  राधाचा श्वास खाली यायला वेळ लागला.

चाळीतली बाळंतपणं शेवंतीकडे परत आली नाहीत. एखादी नवीन बिऱ्हाडकरू यायची, तिला माहीत नसायचं. मग कुणीतरी तिच्या कानात सांगायचं. दशरथ गिरणीतून निवृत्त झाला, त्याच्या पायांना मात्र तेल लागतच राहिलं. पण नाच्यांकडची वाट वाढत गेली. मास्तरच्या मंडळातल्या पोरी, मग मुलुंडची एक एकटीच भरतनाट्यम करणारी मद्रासी मुलगी, अंधेरीचं एक लोकनृत्याचं मंडळ, वेसाव्याच्या कोळी पोरांचा एक ताफा. कुणाला जागा नसायची, कुणाला ते चार दिवस बसायला ठिकाण नसायचं, कुणाचा गुडघा गेलेला. विठ्ठलाचा फोटो इतक्या वेळा सोनूबाईकडे जाऊ लागला की शेवटी सोनूबाईने त्याच्यासाठी आपल्याकडे वेगळा खिळा ठोकला. शेवंतीला यात काही विसंगत वाटलं नाही. विटाळ तो विटाळ आणि तालीम ती तालीम. देवाने जरा शेजारी जाऊन बसावं.

दोन वर्षांनी राधाला खरोखरच दिवस गेले. ती अखेरपर्यंत शेवंतीकडे पाय चोळून घ्यायला येत होती. नाच अटीप्रमाणे बंद झाला, त्यावर ती वाद घालत बसली नाही. निदान मोठ्याने तरी नाही. अंजनाबाई आता नळावर शेवंतीशी चार शब्द बोलायची, पण घरात बोलवायची नाही. मुलगी झाली. बाराव्या दिवसाचे पेढे आले, वाटीत झाकून, सगळ्यांना आले तसे.

न्हाऊ घालायला अंजनाबाईने असल्फ्याची एक बाई लावली. पहिल्या सकाळी टोकाच्या खोलीतून पोरीचं रडणं गॅलरीभर आलं. चढत्या आवाजाचं, मध्येच अडकणारं. ती बाई पाणी जरा जास्तच गरम घेतेय, असं शेवंतीला वाटलं. ती गॅलरीत कठड्याला धरून उभी राहिली. टोकाच्या खोलीचं दार उघडंच होतं. चार पावलांवर.

"काय गे?" आतून दशरथने विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली.

रडणं हळूहळू कमी झालं, मग हुंदके, मग काहीच नाही. पोर धुरी घेऊन झोपलं असणार. शेवंती आत आली, सूप घेतलं, उंबऱ्याशी उजेडात बसली आणि दुपारच्या कालवणाला सुकट निवडायला लागली.